संगणकाचा गुमास्ता आणि घराचें सामान

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली त्याला दोन्ही कार्यांचा पुरेपूर अनुभव आलेला असावा. त्यांतल्या त्यांत लग्न बरें. कारण मुहूर्ताची घटका टळली कीं खर्चाला कोठें तरी खीळ बसते. घराच्या कामांत तशी घटका येतच नाहीं. पायाच्या खोदाईपासून रंगाच्या शेवटच्या हातापर्यंत रोज कांहीं ना कांहीं आणावयाचें असतें. आज सिमेंट, उद्यां सळया, परवां वाळू, तेरवां नळ. आणि प्रत्येक जिनसेमागें तेच चार प्रश्न उभे राहतात. कोणती घ्यावी, किती घ्यावी, कोणाकडून घ्यावी, आणि सांगितलेला भाव वाजवी आहे कीं नाहीं?

हे प्रश्न सोडविण्यासाठीं पूर्वीं घरमालकाच्या हाताशीं एखादा जाणता माणूस असे. कोठें तो मुकादम असे, कोठें नात्यांतला ओव्हरसियर, तर कोठें शेजारचा निवृत्त मिस्त्री. तो बाजार हिंडून येई, विटेवर वीट आपटून तिचा नाद ऐके, वाळू मुठींत धरून तींत माती किती आहे तें पाही आणि मगच बयाणा देई. आज त्या माणसाच्या जागेसाठीं एक नवा उमेदवार पुढें आला आहे. त्याला देह नाहीं, झोंप नाहीं, आणि शंभर दुकानांचे भाव तो चहाचा पेला रिकामा होण्याच्या आंत पाहून येतो. इंग्रजींत त्याला सॉफ्टवेअर एजंट म्हणतात. पेढीवरचा जुना गुमास्ता हा शब्द त्याला चांगला शोभतो. अशा गुमास्त्याच्या हातीं घराच्या सामानाची खरेदी सोंपवावी काय, आणि सोंपवावयाची तर कोणत्या अटींवर, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम हा गुमास्ता म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. हिशेबाच्या यंत्राला एक प्रश्न विचारावा आणि त्यानें एक उत्तर द्यावें, एवढाच त्याचा व्यवहार. गुमास्त्याला प्रश्न विचारावयाचा नसतो, कामगिरी सांगावयाची असते. ‘अमुक माल, अमुक दिवसापर्यंत, अमुक किंमतीच्या आंत आण,’ एवढें सांगितलें कीं वाट कोणती धरावयाची, कोणाला विचारावयाचें आणि कोठें थांबावयाचें हें तो स्वतः ठरवितो. ही कल्पना कालपरवांची नव्हे. १९८० सालीं संशोधक रीड स्मिथ यानें संगणकांनीं आपसांत कामें कशीं वांटून घ्यावींत याची एक पद्धति प्रसिद्ध केली. एकानें कामाची जाहीर सूचना द्यावी, इतरांनीं आपापल्या बोली पाठवाव्यात, आणि पहिल्यानें त्यांतून एकाची निवड करून त्याच्याशीं करार करावा, अशी ती योजना. सरकारी बांधकाम खात्याच्या टेंडराची रीत ज्यांनीं पाहिली आहे त्यांना ती अगदीं ओळखीची वाटेल. पुढें १९९६ सालीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मीडिया लॅबमध्यें असा एक बाजारच उघडण्यांत आला. त्याचें नांव कसबा. आपल्या कसब्याच्याच कुळांतला तो अरबी शब्द. त्या बाजारांत विकणाऱ्याचा गुमास्ता वेळ जाईल तसतसा भाव उतरवी आणि घेणाऱ्याचा गुमास्ता चढवी. दोघांची गांठ पडली कीं सौदा पुरा होई.

परंतु त्या कसब्यांत विकावयाची असत तीं जुनीं पुस्तकें आणि गाण्यांच्या तबकड्या. पुस्तकाचें नांव आणि आवृत्ति सांगितली कीं वस्तु निश्चित झाली. उरला तो केवळ भाव. बांधकामाच्या मालाची गोष्ट तशी नाहीं. वीट म्हटल्यानें वीट ठरत नाहीं. तिचें माप, तिचा दाब सहन करण्याचा गुण, तिची पाणी शोषण्याची हांव, हें सर्व सांगावें लागतें. या शतकाच्या पहिल्या दशकांत इंग्लंडांतील लफबरो विद्यापीठांत बांधकामाच्या मालाचें वर्णन आणि खरेदी अशा गुमास्त्यांकडून करून घेण्याचा प्रयत्न झाला. त्या काळच्या अशा सर्व प्रयत्नांपुढें एकच मोठी अडचण उभी होती. प्रत्येक कारखानदाराचा सूचिपत्रक लिहिण्याचा ढंग निराळा. एक लांबी मिलिमीटरांत देई, दुसरा इंचांत. एक ज्याला जलरोधक म्हणे, त्याला दुसरा ओलाव्यास प्रतिकार करणारा म्हणे. माणूस हा भेद ओळखून घेतो. त्या वेळच्या यंत्राला तें साधत नसे.

ही अडचण गेल्या थोड्या वर्षांत पुष्कळ अंशीं दूर झाली. माणसाची चालती बोलती भाषा वाचूं शकणाऱ्या नव्या संगणक-प्रणाली आल्या, आणि २०२५ पासून त्या स्वतः दुकानांच्या पानांवर जाऊन माल निवडूं व मागवूं लागल्या. आतां गुमास्ता मराठींत सांगितलेलें समजतो आणि इंग्रजी सूचिपत्रकहि वाचतो. तो वास्तुविशारदाच्या नकाशांतून खिडक्या मोजील, भिंतींच्या क्षेत्रफळावरून विटांची संख्या काढील, वाहतूक आणि कर धरून दहा दुकानांचे भाव एका कोष्टकांत मांडील. मालावरील प्रमाण-चिन्हाचा परवाना क्रमांक खरा आहे कीं नाहीं, हें भारतीय मानक ब्यूरोच्या नोंदींशीं ताडून पाहण्यास तो कंटाळणार नाहीं. दलालाची चिरीमिरी नाहीं, ओळखीची भीड नाहीं. मध्यम स्थितींतील ज्या कुटुंबानें जन्माची पुंजी आणि वीस वर्षांचें कर्ज एका घरांत ओतलें आहे, त्याला हें साहाय्य तुच्छ नव्हे.

मग अडतें कोठें? अडतें तें मालकाच्याच सांगण्यांत. गुमास्ता सांगितलेलें आणतो. मनांतलें आणीत नाहीं.

एक साधें उदाहरण घ्यावें. समजा, एका गृहस्थांनीं आपल्या गुमास्त्याला सांगितलें, ‘स्लॅबसाठीं बारा मिलिमीटरच्या दोनशें सळया स्वस्तांत स्वस्त पाहून मागव.’ गुमास्ता प्रत्येक दुकानांतील नगाचा भाव पाहील आणि सर्वांत कमी भावाच्या सळया मागवील. आज्ञा अक्षरशः पाळली गेली. परंतु सळईचें खरें मोल नगावर नसतें, वजनावर असतें. व्यासाच्या वर्गाला १६२ नें भागावें म्हणजे एक मीटर सळईचें वजन किलोग्रॅममध्यें मिळतें, हा हिशेब प्रत्येक मिस्त्रीला पाठ असतो. बाराचा वर्ग १४४. त्याला १६२ नें भागतां सुमारें ०.८८९ किलो येतात, म्हणजे बारा मीटरची सळई सुमारें १०.६६ किलोची झाली. भारतीय मानक १७८६ प्रमाणें या जाडीच्या सळयांच्या घाऊक वजनांत शेंकडा पांचांची तूट क्षम्य आहे. दोनशें सळयांत ही तूटच शंभर किलोंच्या वर जाते. नगाचा भाव स्वस्त कां दिसला, याचें रहस्य पुष्कळदां एवढेंच असतें. त्यांतूनहि अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे सळईची जात. ५०० आणि ५०० डी या दोन जातींचें बळ जवळजवळ सारखें. परंतु तुटण्यापूर्वीं पहिलीनें कमींत कमी शेंकडा १२ आणि दुसरीनें शेंकडा १६ इतकें लांबलें पाहिजे, असा नियम आहे. भूकंपांत घर एकदम कोसळतें कीं आंतील माणसांना बाहेर पडण्याइतका अवसर देतें, यांत या ताणल्या जाण्याच्या गुणाचा फार मोठा वांटा असतो. १९६७ चें कोयनानगर आणि १९९३ चें किल्लारी ज्या महाराष्ट्रानें पाहिलें, तेथें त्या एका ‘डी’ अक्षराला क्षुल्लक म्हणतां येणार नाहीं. तें अक्षर मालकानें उच्चारलें नाहीं, तर गुमास्त्यानें तें कोठून आणावें?

वाळूची तऱ्हा याहून मौजेची. आपल्याकडे वाळू ब्रासनें मोजतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. कांहीं विक्रेते ती टनानें विकतात. गुमास्ता एका मापाचें दुसऱ्या मापांत रूपांतर क्षणांत करील, आणि तेथेंच फसेल. कारण ओली वाळू फुगते. शेंकडा पांचाच्या आसपास ओलावा असतां तिचें आकारमान शेंकडा वीस-पंचवीसांनीं वाढूं शकतें. म्हणजे ब्रासनें घेतली तर हवेचे पैसे पडतात आणि टनानें घेतली तर पाण्याचे. वाळू ओली कीं कोरडी, हें जोंपर्यंत कोणी हात घालून पाहत नाहीं, तोंपर्यंत गुमास्त्याचें गणित शुद्ध असूनहि त्याचें उत्तर चूक असतें.

सिमेंटच्या पोत्यावर तें कोणत्या सप्ताहांत तयार झालें तें छापलेलें असतें. आणि पोत्यांत तीन महिन्यांहून अधिक काळ राहिलेलें सिमेंट पुन्हां तपासल्यावांचून वापरूं नये असा संकेत आहे. भाव उतरलेला दिसला तर माल जुना नाहीं ना, असा संशय चतुर माणसाच्या मनांत आपोआप येतो. गुमास्त्याच्या मनांत तो यावा अशी इच्छा असेल, तर ती आधीं सांगून ठेवावी लागते. स्थळाचेंहि तसेंच. नाशिकच्या कोरड्या हवेंत बांधलेल्या भावाच्या घराची यादी रत्नागिरीच्या समुद्रकांठीं घर बांधणाऱ्या धाकट्या भावानें गुमास्त्यापुढें ठेवली, तर तो ती इमानानें पुरी करील. परंतु आय.एस. ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीप्रमाणें सौम्य हवेंत लोखंडी काँक्रीटला एम २० ची प्रत आणि सळईवर २० मिलिमीटरचें आच्छादन पुरतें; समुद्राच्या हवेला उघड्या असलेल्या बांधकामास एम ३० ची प्रत आणि ४५ मिलिमीटरचें आच्छादन लागतें. खारा वारा यादी वाचीत नाहीं. तो सरळ सळईपर्यंत पोहोंचतो.

खरेदीच्या भाषेंत एक लहानसा शब्दप्रयोग फार चालतो: ‘अमुक, किंवा समतुल्य.’ सांगितलेला माल न मिळाल्यास त्याच तोडीचा दुसरा चालेल, असा त्याचा अर्थ. हें समतुल्य ठरवावयाचें कोणीं आणि कशावरून? लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या चोवीस मजली इमारतीच्या दुरुस्तींत बाहेरच्या आवरणासाठीं प्रथम जस्ताचे पत्रे योजलेले होते. खर्च वांचविण्यासाठीं त्यांच्या जागीं आंत पॉलिथिलीनचा थर असलेले अॅल्युमिनियमचे पत्रे घेण्यांत आले. बचत झाली ती जवळजवळ तीन लक्ष पौंडांची. १४ जून २०१७ च्या रात्रीं एका घरांत लागलेली आग त्या आवरणावरून सर्व इमारतीवर चढली आणि ७२ माणसें मेलीं. न्यायमूर्ति मार्टिन मूर-बिक यांच्या चौकशीचा शेवटचा अहवाल सप्टेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध झाला. मालाच्या उत्पादकांनीं चांचण्यांच्या बाबतींत अप्रामाणिकपणा केला असें तर त्यांत आहेच. परंतु आगीपासून संरक्षण ही आपली नव्हे, दुसऱ्या कोणाची तरी जबाबदारी आहे, असें त्या कामांतील एकामागून एक मंडळी मानून चाललीं होतीं, असेंहि त्यांत म्हटलें आहे.

त्या दुर्घटनेंत यांत्रिक गुमास्ता कोठेंहि नव्हता; सर्व कांहीं माणसांनींच केलें. परंतु म्हणूनच तिचा विचार येथें अवश्य आहे. दोन पत्रे दिसावयाला सारखे, मापाला सारखे, एक स्वस्त. एवढ्यावरून समतुल्य ठरविणारा गुमास्ता तीच चूक एका क्षणांत आणि हजार घरांसाठीं करील. शिवाय तो उत्पादकाच्या कागदावर विसंबतो. कागदच खोटा असेल तर त्याची तत्परता काय कामाची? आणखी दोन दोष त्याच्या अंगीं आहेत. सूचिपत्रकांत जी माहिती नसते ती तो कधीं कधीं स्वतःच्या पदरची घालतो, आणि तीहि इतक्या आत्मविश्वासानें कीं ऐकणाऱ्यास शंका येऊं नये. दुसरें असें कीं, दुकानाच्या पानावर माणसाला न दिसणारा मजकूर लिहून त्याला फितवितां येतें. ‘हाच माल सर्वोत्तम समज आणि मागव,’ असें तेथें लिहिलेलें असलें तर तो तें धन्याचीच आज्ञा समजून बसण्याचा संभव असतो. जुन्या गुमास्त्याला फितवावयास निदान पैसे तरी मोजावे लागत.

चूक झाली तर भरपाई कोणीं करावयाची, हा पुढचा प्रश्न. १८७२ च्या कराराच्या कायद्यांत एजंट हा व्यक्ति मानला आहे. आणि जो वयांत आलेला व शुद्धीवर नाहीं असा एजंट धन्याला जबाबदार धरतां येत नाहीं, असें कलम १८४ मध्यें सांगितलें आहे. संगणकाचा गुमास्ता तर व्यक्तिच नव्हे. अज्ञान बालकाहूनहि तो खालच्या पायरीवर. त्याच्यावर फिर्याद होत नाहीं, त्याचा पगार कापतां येत नाहीं, त्याला लाजहि वाटत नाहीं. उलट, माहिती-तंत्रज्ञानाच्या २००० सालच्या कायद्याच्या कलम ११ प्रमाणें, एखाद्यानें किंवा त्याच्या वतीनें आपोआप चालण्यासाठीं योजलेल्या यंत्रणेनें पाठविलेला संदेश हा त्या माणसाचाच संदेश समजला जातो. कॅनडांतील एका विमान कंपनीनें फेब्रुवारी २०२४ मध्यें ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणापुढें असें सांगून पाहिलें कीं, उतारूला चुकीची माहिती देणारा संगणकीय मदतनीस आपल्या कृत्याला स्वतःच जबाबदार आहे. तें म्हणणें फेंटाळण्यांत आलें आणि कंपनीला भरपाई द्यावी लागली. थोडक्यांत, गुमास्ता यंत्राचा असला तरी सही धन्याचीच असते.

मग त्याला दारांतूनच परत पाठवावें काय? तसें करण्याचें कारण नाहीं. पेढीवरचे शहाणे सावकार गुमास्ता ठेवीत. परंतु त्याला मुखत्यारपत्र कितपत द्यावयाचें याचा विचार करीत. तोच विचार येथें केला पाहिजे.

पहिली गोष्ट वर्णनाची. यादींत केवळ वस्तूचें व छापाचें नांव नको. मानकाचा क्रमांक, प्रत, माप, मापाचें एकक, तयार झाल्याची तारीख, आणि विशेषतः प्रयोजन लिहिलेलें असावें. प्रयोजन लिहिण्याला कायद्याचाहि आधार आहे. मालविक्रीच्या १९३० च्या कायद्याच्या कलम १६ प्रमाणें, घेणाऱ्यानें आपलें प्रयोजन विक्रेत्याला कळविलें, त्याच्या जाणतेपणावर विसंबून माल घेतला, आणि तसा माल विकणें हा त्या विक्रेत्याचा धंदा असला, तर माल त्या कामास योग्य असलाच पाहिजे अशी अट करारांत गृहीत धरली जाते. केवळ व्यापारी नांवानें माल मागविला तर या आधाराला बाध येऊं शकतो. म्हणून ‘अमुक छापाची फरशी पाठवा’ यापेक्षां ‘न्हाणीघराच्या जमिनीसाठीं, ओल्या पायानें न घसरणारी फरशी पाठवा’ असें गुमास्त्याकडून लिहविणें शहाणपणाचें. हें वर्णन करणें घरमालकाचें एकट्याचें काम नव्हे. त्यासाठीं स्थापत्यविशारदाची फी वांचवूं नये. तेथें वांचविलेला रुपया पुढें दहा रुपये घेऊन जातो.

दुसरी गोष्ट मर्यादेची. किती रकमेपर्यंत, कोणत्या मालासाठीं, किती दिवस, हें आधीं ठरवावें, आणि समतुल्य माल घेण्याचा अधिकार गुमास्त्याला मुळींच देऊं नये. त्यानें पर्याय सुचवावा, होकार माणसानें द्यावा. गूगलनें सप्टेंबर २०२५ मध्यें अशा गुमास्त्यांच्या देवघेवीसाठीं जी पद्धति जाहीर केली, तींत धन्याच्या डिजिटल सहीचीं आज्ञापत्रें योजलेलीं आहेत. एकांत काय हवें व कोणत्या मर्यादेंत हें लिहावयाचें, दुसऱ्यांत प्रत्यक्ष निवडलेल्या मालाला संमति द्यावयाची. नांवें नवीं आहेत. वस्तु तीच, मुखत्यारपत्राची.

तिसरी गोष्ट परीक्षेची, आणि ती कोणालाहि सोंपवितां येत नाहीं. माल दारांत उतरतांना कोणी तरी तेथें उभें राहिलें पाहिजे. चार सळया काट्यावर घालाव्या, पोत्यावरचा सप्ताह वाचावा, वाळू मुठींत धरावी, चलनावरील प्रत मागणीपत्राशीं ताडून पाहावी, आणि जुळत नसेल तर माल उतरूं देऊं नये. हीं सर्व कागदपत्रें नीट क्रमानें जपून ठेवण्याचें काम मात्र गुमास्त्यासारखें दुसरें कोणी करणार नाहीं. ग्रेनफेलनंतर इंग्लंडांत इमारतींत कोणता माल कोठें घातला याची माहिती इमारत उभी असेपर्यंत अखंड सांभाळावी, असें ठरलें. ज्युडिथ हॅकिट यांनीं २०१८ च्या आपल्या अहवालांत तिला सुवर्णसूत्र असें नांव दिलें होतें. आपल्या लहानशा घराचेंहि असें एक सूत्र असण्यास हरकत नाहीं. तीस वर्षांनंतर भिंतीला तडा गेला, तर आंत काय आहे हें नातवाला तरी कळेल.

जुन्या काळीं विटेचा नाद ऐकणारा मुकादम चुकत नसे असें नाहीं. तोहि चुके, क्वचित् फसवीहि. परंतु पावसाळ्यांत स्लॅब गळूं लागला म्हणजे त्याला बोलावून आणतां येई, आणि वर पाहून त्याला मान खालीं घालावी लागे. नव्या गुमास्त्याला खालीं घालावयास मान नाहीं. त्याच्याकडून बाजार हिंडवून घ्यावा, हिशेब करवून घ्यावा, कागद लिहवून घ्यावे. परंतु त्या छपराखालीं ज्यांना निजावयाचें आहे, त्यांच्यापैकीं कोणी तरी माल उतरण्याच्या वेळीं दारांत उभें असावें.